आतून आलेलं उत्तर

आंगुस्तियासच्या दारासमोर सातुर्योचं दार. मधली गल्ली एवढी अरुंद की लादलेलं खेचर आलं तर माणसाने भिंतीला चिकटून उभं राहावं. एवढ्या अंतरावरून त्याने तिला अर्धं आयुष्य पाहिलं, आणि तरी ती कशी होती असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड काही सांगता आलं नसतं. काळे कपडे, हातात डोंगरातल्या चिवट गवताची वेणी, उंबऱ्यावर बसलेली. बाकी जे त्याला ठाऊक आहे असं वाटत होतं, त्यातलं बहुतेक खोटं निघालं.

तिचा नवरा दामियान शेतमजुरांच्या संघटनेचा चिटणीस होता. स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तो डोंगरापलीकडे निघून गेला. त्याचे दोन सोबती शिपायांच्या हाती सापडले, त्यांना स्मशानाच्या भिंतीपाशी उभं केलं आणि ते तिथेच राहिले. दामियान बर्फात गेला असं लोक म्हणाले. आंगुस्तियासने पाद्रीकडून त्याच्यासाठी प्रार्थना करून घेतली, घरातली रंगीत चोळी-ओढणी मोठ्या भांड्यात काळ्या रंगात उकळून काढली, आणि तेव्हापासून ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. टोपल्या, खोगिराखालच्या चटया, चपलांचे तळ, सगळं तिथेच विणायची. पाऊस आला तर फक्त पाय आत घ्यायची.

दुःखाने बाई जरा हलली आहे, असं गाव धरून चाललं होतं. घरात शिरली की ती मोठमोठ्याने बोलायची. विचारलं तर म्हणायची, "डुकराशी बोलते. तो तरी मधे बोलत नाही." तंबाखू विकत घ्यायची, दाढेत धरायला. गावच्या पावाच्या भट्टीवरच्या बायका तिला चिडवायच्या, "आंगुस्तियास, किती दाढा आहेत गं तुला?" त्यावर ती हसायची नाही, रागवायचीही नाही. सातुर्योने लग्न केलं नव्हतं. बायकांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. तिच्याशी मात्र तो दोन शब्द बोलू शके, कारण ती मान वर करून बघत नसे.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एका वसंतात गावात एक परदेशी आला. होल्गर नाव, डेन्मार्कचा. गावाने त्याला इंग्रज ठरवलं. त्याने दोनतीनदा दुरुस्ती करून पाहिली. "म्हणजे डेन्मार्क इंग्लंडच्या वरच्या अंगाला," खानावळवाला बेनिग्नो म्हणाला, आणि विषय मिटला. होल्गर स्पॅनिश माणसावर पुस्तक लिहीत होता. गावोगाव फिरायला त्याने सातुर्योला खेचरासकट ठेवून घेतलं होतं.

स्पेनबद्दल त्याला इथे येण्याआधीच पुष्कळ ठाऊक होतं. इथल्या बायका काळे कपडे घालतात. पुरुष दुपारी झोपतात आणि त्या झोपेत खंड आला तर चाकू काढतात. अब्रूपुढे जीव स्वस्त असतो. मरणाला इथे कुणी भीत नाही. हे शेवटचं ऐकून बेनिग्नोने विचारलं होतं, "डॉन होल्गर, हे तुम्हाला मेलेल्यांनी सांगितलं की जिवंतांनी?"

रोज संध्याकाळी बेनिग्नोच्या खानावळीत होल्गर दिवसभरात स्पॅनिश माणसाबद्दल काय कळलं ते सगळ्यांना सांगायचा. लोक वाटच बघायचे. कुणी मुद्दाम थापा मारायचे, तो मन लावून ऐकायचा. शिपायांच्या ठाण्यावरचा हवालदार उर्बानोही चुलीजवळच्या बाकावर बसून ऐकायचा. तो हसायचा, पण सगळ्यांच्या नंतर.

जूनमधल्या एका दुपारी होल्गरला टोपली हवी होती. आंगुस्तियास उंबऱ्यावर नव्हती. भट्टीवर तिची पाळी होती.

"पाव घेऊन येईल ती. थांबू या," सातुर्यो खेचराचा पट्टा सैल करत म्हणाला.

पण होल्गरला नुकतीच एक रीत कळली होती आणि ती वापरून बघायला तो उतावीळ झाला होता. परक्या घराच्या दारात गेलं की कडी वाजवायची नाही. "नमो मारिये, परमपवित्रे" म्हणायचं, आणि आतल्याने "पापाविना गर्भी आलेली" असं म्हटलं की पाऊल आत टाकायचं. गावातलं प्रत्येक पोर हे उत्तर आईच्या हातची थप्पड खाऊन शिकलेलं असतं. आंगुस्तियासच्या दारात मात्र इतक्या वर्षांत असं म्हणायची वेळ कुणावर आलीच नव्हती. ती स्वतःच दारात असायची.

होल्गरने अर्ध्या दारावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "नमो मारिये, परमपवित्रे."

"पापाविना गर्भी आलेली," आतून उत्तर आलं.

पुरुषाचा आवाज होता. झोपेतला, घोगरा. आणि मग आत जी शांतता पसरली ती सातुर्योने पुन्हा कधी ऐकली नाही. डुक्करसुद्धा गप्प झालं होतं.

तो आवाज त्याला ओळखीचा होता. मारियामातेची पालखी त्या दोघांनी एकाच दांड्याखाली खांदा देऊन वाहिली होती. चढावर दामियान याच आवाजात "दमाने, दमाने" म्हणायचा.

होल्गर पावलं न वाजवता मागे आला आणि ओठांवर बोट ठेवलं. "नवरा झोपलाय," तो कुजबुजला. "आपण उठवलं त्याला. वाईट झालं. दुपारची झोप."

आंगुस्तियास विधवा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काळे कपडे तर त्याच्या मते सगळ्याच घालत होत्या.

उतारावरून खाली येताना सातुर्योच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आज संध्याकाळी हा माणूस हे सांगणार, आणि चुलीजवळ उर्बानो बसलेला असणार. सांगू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. शेवटी तो म्हणाला, "डॉन होल्गर, ते मघाचं खानावळीत काढू नका."

"कुठलं?"

"तेच. झोपेचं. दुसऱ्याच्या घरातल्या झोपेबद्दल आमच्यात बोलत नाहीत."

होल्गर थांबला. त्याचा चेहरा उजळला. "बोलत नाहीत? कधीच? हे मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि तो उरलेली वाट स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, मान डोलावत चालला. सातुर्योला आपली चूक कळली. तोंड उघडलं नसतं तर कदाचित तो विसरलाही असता.

संध्याकाळी सातुर्यो खानावळीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. बेनिग्नोने ऑलिव्हची बशी पुढे सरकवली. "खा. आज तोंड असं का? खेचराने लाथ मारली की लग्नाला होकार दिला?"

सातुर्योने एकही ऑलिव्ह उचललं नाही. उर्बानो आला, टोपी बाकावर ठेवली, पाय पसरले. मग होल्गर आला आणि उभ्यानेच म्हणाला, "आज दोन गोष्टी. एक, स्पॅनिश माणूस झोपेतसुद्धा धर्म विसरत नाही. दोन, त्या झोपेबद्दल बोलणं इथे निषिद्ध आहे."

"हे कुठल्या गाढवाने सांगितलं?" कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"टोपलीवाल्या बाईंच्या दारात मी हाक दिली. बाई नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याने झोपेतून उत्तर दिलं."

हशा मधेच तुटला. बेनिग्नोचा फडका फळीवर होता तिथेच राहिला. कुणी उर्बानोकडे बघितलं नाही, आणि त्याच्याकडे न बघणंच सगळ्यांना दिसलं. उर्बानोने ग्लास खाली ठेवला. "कुणाच्या नवऱ्याने, डॉन होल्गर?"

"मी होतो तो," सातुर्यो म्हणाला.

स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"पण सातुर्यो, तू तर माझ्या मागे खेचरापाशी..." होल्गर गोंधळून म्हणाला.

"तुम्ही वळून बघितलं तेव्हा होतो. त्याआधी आत होतो. मागच्या दाराने बाहेर आलो."

होल्गरने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तोंड उघडलं. सातुर्योने डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात परदेशी माणसाला या देशाबद्दल जे इथे येण्याआधीच कळलं होतं ते त्याच्या मदतीला आलं. त्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली. "क्षमा कर. बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे. मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही."

खानावळ फुटली. "हा? अरे हा कोंबडीला अंडं मागायला लाजतो!" "म्हणून तंबाखू होय, ती दाढ सातुर्योची!" बेनिग्नो तर डोळे पुसत होता. फार जोरजोरात पुसत होता.

उर्बानो सगळ्यांच्या नंतर हसतो, म्हणून सातुर्यो वाट बघत राहिला. तो हसला नाही.

"आंगुस्तियास कुठे होती तेव्हा?" त्याने विचारलं.

"भट्टीवर."

"म्हणजे ती घरात नसताना तू तिच्या घरात झोपला होतास."

"वाट बघत होतो, हवालदारसाहेब."

"हं." उर्बानोने टोपी उचलली, आतून फुंकली आणि डोक्यावर चढवली. "वाट बघता आली पाहिजे माणसाला. मलाही येते."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावरून परत येईपर्यंत आंगुस्तियासला सगळं कळलं होतं. सातुर्यो दार अर्धं उघडून उभा होता. ती घागर घेऊन समोरून गेली, उंबऱ्यावर बसली, गवत भिजवलं. तिला त्याचा राग आला होता, की उपकार वाटत होते, की तिने त्याला आणखी एक धोका म्हणून मोजलं होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही. इतक्या वर्षांचं तिचं वैधव्य त्याने एका वाक्यात घाण केलं होतं. भट्टीवर बायकांनी तिच्यासाठी जागा करणं सोडलं. पाद्रीने तिला चर्चमध्ये मागच्या रांगेत बसायला सांगितलं. ती मागे जाऊन बसली. सातुर्योला वाटायचं, तिने एकदा तरी शिव्या द्याव्यात.

उर्बानो मात्र आता रोज गल्लीतून जाऊ लागला. तिच्या दारापाशी थांबून सिगारेट पेटवायचा. "काय आंगुस्तियास, एकटीच?" "एकटीच, साहेब." "हा समोरचा येत नाही वाटतं?" "येतो की. तुम्ही गेल्यावर." तो धूर सोडायचा आणि घराची भिंत बघायचा. खिडकी नाही, दार नाही, भिंत. एकदा त्याने काठीने चुन्यावर टकटक केलं, जरा पुढे सरकून पुन्हा केलं, आणि निघून गेला. आत डुक्कर ओरडत होतं. आंगुस्तियासची बोटं विणत होती, पण वेणी उलटी पडत होती. सातुर्योने ते आपल्या दारातून पाहिलं.

होल्गर जूनअखेरीस गेला. जाताना त्याने सातुर्योला मिठी मारली आणि म्हणाला की त्याच्यावर तो एक अख्खं प्रकरण लिहिणार आहे, नाव बदलून.

मग एका पहाटे शहराहून शिपायांची गाडी आली. त्यांनी आंगुस्तियासच्या घराची मागची भिंत फोडली. तिच्यामागे माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा होती, एक चटई होती, तंबाखूचा वास होता. माणूस नव्हता. आंगुस्तियासही नव्हती. डुकरासमोर पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. दुपारी वरच्या खिंडीकडून दोन बार ऐकू आले. बेनिग्नो म्हणाला, कुणीतरी ससे मारत असेल. शिपाई रिकाम्या हातांनी परतले असं काहींनी सांगितलं. काहींनी काहीच सांगितलं नाही. उर्बानोने सातुर्योला ठाण्यावर नेलं, दोन दिवसांनी सोडलं. ती दोघं कुठे गेली ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि मारणाऱ्याला ते शेवटी पटलं.

गाडी आली त्याच्या आदल्या संध्याकाळी आंगुस्तियास नेहमीसारखी उंबऱ्यावर होती. गवत ओलं होतं, उजेड उतरत होता. तो खेचर आत बांधून आला.

"झालं का विणून?" त्याने विचारलं.

"थोडं राहिलंय."

"उद्या कर. डोळे जातील."

"उद्याचं उद्या. दार लावून घे तू. वारा फिरलाय."

"लावतो," तो म्हणाला.