कानसेन आणि मेहुण्याची गाडी

कानसेनांना त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं आणि डोळे मिटून गाडीचा आजार सांगायचा, ही त्यांची पद्धत. त्यावरून गल्लीनं हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. पुढे इंजिनं इंजेक्टरमधून पेट्रोल फवारायला लागली, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. कानसेन होते तिथेच. "मशीनला कान असतात का?" असं विचारून ते गिऱ्हाइकाला गप्प करत. गिऱ्हाईकही गप्प बसे, कारण गाडी यांच्या ताब्यात असे.

अशात मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची, गाडी आली. तक्रार साधी होती. गाडी उभी असताना इंजिनानं शांत गुरगुरावं, तर ते अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताच ओरडत होतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेच्या जागी अठराशेवर.

"भाऊजी, दुसरीकडे मशीन लावून बघितलं," मेहुणा चाचरत म्हणाला. "तिथला मेकॅनिक म्हणतो, कुठूनतरी जादा हवा आत जातेय."

झालं! सासुरवाडीच्या माणसानं आधी दुसऱ्याकडे जावं आणि वर त्याचं निदानही घेऊन यावं! कानसेनांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हवा आत शिरत असेल तर तिचा आवाज येतो, आणि तो हुडकणं हा तर त्यांचा हातखंडा. त्यांनी मेहुण्याला लांब बसवलं, नळी कानात घातली, इंजिनाभोवती सावकाश फिरवली आणि मान हलवली.

"हवाबिवा काही नाही. हा माझा कान आहे, तुझ्या त्या मशीनवाल्याचा डबा नाही."

कानसेन एकदा बोलले की ते ब्रह्मवाक्य. हवा निर्दोष सुटली आणि उरलेल्या इंजिनावर खटला सुरू झाला. थ्रॉटल बॉडी उघडून घासली. आयडलचा व्हॉल्व्ह बदलला. तापमानाचा सेन्सर गरम इंजिनाला गार समजतोय, असं ठरवून त्या बिचाऱ्यालाही घरी पाठवलं. बॅटरीची वायर काढून कॉम्प्युटरची स्मरणशक्ती पुसून झाली. दर वेळी चावी फिरवली की काटा निमूटपणे अठराशेवर जाऊन बसे.

मेहुणा जुन्या टायरांच्या चळतीवर बसून मोबाइल चाळत होता. मधूनच मान वर करून तो गाडीकडे बघे, आणि तेच कानसेनांना टोचत होतं. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. गाडी त्या दुसऱ्याकडे गेली, तर त्यांच्या कानाची अब्रू जाणार. ती गेल्यावर उरतं काय? तेलकट हात. ते तर कुणाचेही असतात.

घर गॅरेजच्या मागेच होतं. बायको मागच्या दारानं तणतणत आली.

"अहो, हाका मारून घसा बसला माझा! जेवायचंय की नाही?"

"ऐकलं, ऐकलं," कानसेन बॉनेटखालून म्हणाले. त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं.

ती आणखी बोलणार होती, पण चालू इंजिनाजवळ येऊन थबकली. "हे काय फुसफुसतंय?"

"कुठे काय?"

"अहो, हे काय! केवढ्यांदा!" तिनं भावाला हाक मारली. "तू ऐक रे जरा."

मेहुणा उठून आला, वाकला आणि चपापला. "हो ताई. शिट्टीसारखं."

ती आवाजाच्या मागावर गेली. इंजिनाच्या मागच्या बाजूला ब्रेककडे जाणारा जाड रबरी पाइप होता. त्याच्या क्लिपशेजारी एक चीर पडली होती, तिच्यावर तिनं बोट ठेवलं.

"अगंबाई, बोट आत ओढतंय!"

इंजिन एकदम शांत झालं. काटा आठशेवर उतरला.

"ताई, उद्यापासून गॅरेज तूच चालव," मेहुणा खदखदून हसला. मग त्याला भाऊजींचा चेहरा दिसला आणि तो टायरांकडे परत गेला.

"बोट काढ," कानसेन म्हणाले.

तिनं काढलं. इंजिन पुन्हा ओरडलं. ते त्यांना चांगलं ऐकू आलं. त्यांनी नळीचं टोक थेट पाइपच्या चिरेपाशी धरलं. आधी उजवा कान, मग डावा. फुसफुस नाही, शिट्टी नाही. मग स्वतःचं बोट ठेवलं. बोटाला ओढ लागली, काटा खाली आला. बोटाला कळत होतं. कानाला नाही.

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. बायको त्यांच्याकडे बघत उभी होती. मघाचा राग तिच्या तोंडावरून कधीच गेला होता.

"अहो," ती जवळ येऊन म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ओ देत नाही."

कानसेनांनी कानातली नळी काढली.

"पहिली काही वर्षं मुद्दामच," ते म्हणाले.