एक्केचाळीस नंबरची जास्तीची ओळ

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली बाई आहे. अंगात येणं, चकवा, अमावास्या... घरी कुणी असलं काही काढलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. हे लिहितानाही वैतागच येतोय, कारण जे झालं ते माझ्याच कोडमध्ये झालं आणि मलाच ते सांगता येत नाही.

मी मूळची नेरची. बोंडअळीने कापसाची वाट लावली त्या वर्षांत यवतमाळला एका छोट्या संस्थेत होते. गावागावांत शेतात कामगंध सापळे लावलेले, मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारे. रोज सकाळी गावातली एक बाई सापळ्यात अडकलेले पतंग मोजायची आणि आकडा मोबाईलवरून आमच्या डेटाबेसमध्ये टाकायची. दुपारी चारला मी क्वेरी चालवायची, आठाच्या वर पतंग असलेल्या गावांची यादी काढायची आणि त्या गावांना एसेमेस जायचा. वेळेत कळणं महत्त्वाचं, कारण अळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, तिला लागत नाही.

सर्व्हर जुनाट. क्वेरीला पाऊण तास लागायचा. म्हणून मी दोन महिने खपून एक सोय केली. क्वेरी आधी नेहमीसारखी सुरू व्हायची, म्हणजे प्रत्येक ओळीला सगळ्या सूचना पहिल्यापासून वाचत. काम लांबतंय असं दिसलं की मागच्या मागे त्याच सूचनांचा थेट मशीनला कळणारा कोड तयार व्हायचा आणि उरलेलं काम तो अर्ध्यातून उचलायचा. पाऊण तासाचं काम सहा मिनिटांवर आलं. संस्थेचे सर खूश, मी तर हवेतच!

आठवडाभराने यादी जुळेना. नवी सोय बंद ठेवली की त्रेसष्ट ओळी, चालू केली की चौसष्ट. जास्तीची ओळ एकच — सापळा नंबर एक्केचाळीस, पतंग अकरा. मूळ टेबलमध्ये ही ओळ नव्हतीच! त्या सापळ्याचा शेवटचा आकडा दोन दिवसांपूर्वीचा होता, आणि तोही तीन.

मेमरीत पडलेला जुना कचरा उचलला जातोय, असं वाटलं. सगळं तपासलं. डेटाची कॉपी माझ्या लॅपटॉपवर घेऊन चालवली, तिथेही चौसष्ट. दुसऱ्या दिवशी तीच ओळ, पतंग नऊ. तिसऱ्या दिवशी चौदा. कचरा असता तर काहीतरी अचाट आकडा आला असता ना? हे आपले शहाण्यासारखे, खरे वाटतील असे आकडे. मी ते डायरीत तारखेसकट लिहीत होते, बग शोधायला. रडकुंडीला आले होते.

"चूक सापडेपर्यंत ती ओळ काढून टाक," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "खोटा एसेमेस गेला तर लोक पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत."

मी तेव्हाच कोडमध्ये लिहिलं होतं — एक्केचाळीस वगळा.

चौथ्या दिवशी वगळण्याआधी बघितलं... सतरा. तेव्हा गावोगाव फिरून सापळे बघणारे आमचे रफीकभाई ऑफिसात होते. त्यांना विचारलं, एक्केचाळीस कुणाकडे आहे?

"सुमनबाईकडे. फुलसावंगीच्या अलीकडचं गाव. पण तिचा फोन चार-पाच दिवसांपासून लागूनच नाई राह्यला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी मान वर कुठं करून राह्यल्या, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मोटरसायकलवर निघालो. सुमनबाई शेतातच भेटल्या. साठीच्या असतील.

"जय भीम मॅडम. बरं झालं आल्या. माहा फोन फवारणीच्या ड्रमात पडला. महागावले दुरुस्तीले देला, तो आजून भेटूनच नाई राह्यला. पण म्या मोजणं नाई सोडलं."

त्यांनी पिशवीतून वही काढली. मी माझी डायरी उघडली. अकरा, नऊ, चौदा, सतरा. तारखा त्याच. खाली त्या दिवशीची ताजी नोंद होती, बारा.

रफीकभाईंनी दोन्ही पानं पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कोणं सांगतले हे आकडे?"

सुमनबाईंनी एव्हाना शेजारच्या झाडाचं एक हिरवं बोंड तोडून नखाने फोडलं होतं. आत गुलाबी अळी.

"मॅडम, आठाच्या वर गेलं की एसेमेस येते म्हणत होत्या ना तुमी? माहा फोन बंद होता, पण गावात बाकीचे फोन हायेत. कोणालेच काहून नाई आला?"

काय सांगणार होते मी? की तुमचे आकडे पोचले होते, कसे ते माहीत नाही, आणि मीच ते रोज पुसत होते?

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं मी उगाच अंगावर घेतेय. "तुमचं काय चुकलं? फोन तं माह्या हातून पडला," म्हणाल्या आणि आम्हाला चहाला घरी घेऊन गेल्या.

त्या दुपारी वगळण्याची ओळ काढली आणि क्वेरी चालवली. जास्तीची ओळ आली नाही. लॅपटॉपवरच्या जुन्या कॉपीवर चालवली, जिथे आधी चौसष्ट यायच्या, तिथेही आता त्रेसष्टच. ती वगळण्याची ओळ सोडली तर कोडचं एक अक्षर बदललेलं नव्हतं. त्यानंतर शेकडो वेळा चालवून पाहिली. तिघा जाणकारांना दाखवली. एक म्हणाला योगायोग. चार आकडे, चार तारखा... कसला योगायोग? दुसरा म्हणाला, डायरी तू नंतर लिहिली असशील. तिसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं.

त्या गावाने त्या वर्षी पहिल्याच वेचणीनंतर पऱ्हाटी, म्हणजे उभी कापसाची झाडं, उपटून टाकली. चार दिवस आधी कळलं असतं तर किती वाचलं असतं, कृषीवाले नीट सांगत नाहीत. मी विचारणं सोडलेलं नाही.