पेशींना रविवार नसतो

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझी जीभ बाहेर होती. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत कुणीतरी सांगितलं होतं, की तळमजल्यावर लिव्हरच्या डॉक्टर राहायला आल्यात. मी रिपोर्ट घेऊन गेलो, दार उघडताच तो पुढे केला आणि वेळ वाचावा म्हणून जीभही दाखवली. बाईंनी रिपोर्ट वाचला. मग म्हणाल्या, "जीभ आत घ्या. मी माणसं तपासत नाही. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवायचे. गेल्याच महिन्यात निवृत्त झाले."

तरी त्यांनी दार लावलं नाही. उपाशीपोटी माझी साखर एकशे बावीस होती आणि माझी तक्रार एवढीच, की रात्रभर काही खाल्लं नाही, तर ही आली कुठून?

"तुमच्या यकृतानं सोडली. 'आता पुरे' असा निरोप इन्सुलिन त्याला देतं. पण पोटात अशी चरबी साचली, की बारीक सूज धुमसत राहते. जखम कुठेच नाही आणि जखमेची बोंब मात्र चालू. ती यकृताच्या पेशीत शिरली, की निरोप दारातच अडकतो. पेशी बहिरी नसते हो, गोंगाटात तिला ऐकू येत नाही."

मी शर्ट जरा खाली ओढला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला खालून हाक येऊ लागली, "चला, एकशे बावीस!" औषधाचं डॉक्टर बघतील, चालवायचं काम माझं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वाट उरल्यासुरल्या उसाच्या कडेनं जायची. एकदा तिथले आप्पा बांधावरून म्हणाले, "सायेब, रस घ्या की ग्लासभर. घरचा ऊस हाय." मी थांबलोच. बाई न थांबता म्हणाल्या, "नको आप्पा, यांचा कारखाना पोटातच आहे. रात्रपाळीसुद्धा चालते."

चालताना विषय एकच. पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर त्या मरतात. "पेशींना रविवार नसतो," हे त्यांचं पालुपद. भावाच्या लग्नालाही त्या अक्षतांपुरत्याच गेल्या होत्या. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी त्या पेशींचं काय केलंत, असं मी एकदा विचारलं. "ब्लीच ओतलं. नियमच आहे तो," म्हणाल्या, आणि फाटकापर्यंत माझ्या पुढे भराभर चालत गेल्या.

सहा महिन्यांनी साखर शहाण्णव आली. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसला. आणि बरा झाल्यावर मी फिरणं सोडलं. आधी ऑफिसचं कारण, मग कंबरेचं, मग क्रिकेटचं. काही दिवस हाक येत राहिली. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मग हाक थांबली आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

गेल्या आठवड्यात साखर पुन्हा वर गेली. रिपोर्ट घेऊन धावत खाली गेलो, तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "बाई नाशिकला गेल्या की, भावाकडं. महिना झाला."

वर येऊन बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मीच रिक्षात बसवलं त्यांना. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"नंबर आहे का? रिपोर्ट सांगायचा होता."

तिनं फोन लावला आणि माझ्या हातात देता देता म्हणाली, "अहो, साखरेचं एक अक्षर काढायचं नाही. त्या कशा आहेत ते विचारा, आणि मग गप्प बसून ऐका."