मारुतीला पाणी कोणी पाजलं

२४ डिसेंबरला सकाळी सव्वासातला पाद्री साहेब आमच्या पोस्टवर पोचले. उत्तरेकडची बर्फातली लष्करी पोस्ट. आम्ही अकरा जण, त्यात ख्रिस्ती एकच. मी पोस्टचा हवालदार. पाद्री साहेब म्हणजे युनिटचे धर्मगुरू, नायब सुभेदार थॉमस. जवळ हत्यार नाही. पाठीवरच्या पिट्ठूत बायबल आणि केक. आठला आमच्याकडे प्रार्थना, साडेआठला पुढच्या पोस्टकडे कूच, असा त्यांचा कार्यक्रम होता. तिथे चार ख्रिस्ती जवान त्यांची वाट बघत होते.

मी चिडलो होतो. त्यांना आणायला मला दोरावर चार माणसं खाली पाठवावी लागली होती.

"साहब, एक आदमी के लिए?"

"एक है ना, हवालदार."

आता रिटायर होऊन मी गावी, गोव्यात पाळीला असतो. नाताळ जवळ आला की चहाच्या गाड्यावर कोणी तरी म्हणतोच, "पाद्रीक किदें काम रे? मीस म्हटलें, केक खालो, जालें." मीस म्हणजे चर्चमधली प्रार्थना. माझं डोकं फिरतं. असल्यांना त्या पोस्टवर एक तास उभं करायला हवं.

त्या सकाळी प्रार्थना संपत असताना मारुती कोसळला. शिपाई, बेळगावकडचा, वय बावीस. दोन दिवस खोकला माझ्यापासून लपवत होता. छातीत पाणी भरलं होतं. ऑक्सिजन लावला आणि रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"मौसम बंद. इंतज़ार करो. ओव्हर."

"आदमी नहीं बचेगा. ओव्हर."

"इंतज़ार करो. आउट."

सेट दरीत भिरकावून द्यावासा वाटला.

साडेआठ वाजले. वाटेवरचा बर्फ अजून घट्ट, चालण्याजोगा होता. मी पाद्री साहेबांना निघायला सांगितलं. ते हलले नाहीत. मारुतीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. अकराच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, तुमच्यात शेवटी काय करतात? मी म्हणालो, तोंडात पाणी घालतात, कानात देवाचं नाव घेतात. खरं तर ते मी करायचं. माझा हात उठला नाही. साहेबांनी मारुतीच्या गावच्या देवाचं नाव विचारून घेतलं. चमच्याने त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि कानाशी वाकून "रवळनाथ, रवळनाथ" म्हणत राहिले. अकरा चाळीसला मारुती गेला.

दुपारपासून रात्रभर नवा बर्फ पडला. २५ला सकाळी सहाला साहेब निघाले. मी अडवलं.

"चार लोग बैठे हैं," एवढंच म्हणाले.

सहा चाळीसला वरचा बर्फाचा कडा सुटून त्यांच्यावर आला. त्यांच्यासोबत दोरावर दिलेल्या माणसांना आम्ही जिवंत काढलं. साहेब सापडायला दोन दिवस लागले. आदल्या दिवशी वेळेवर निघाले असते तर ते आज असते.

पुढे मारुतीच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईने मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, "पाणी कुणी पाजलं?"

मी म्हणालो, युनिटच्या पंडितजींनी. पाद्रीचं नाव ऐकून तिला वाईट वाटेल, हे मीच ठरवून टाकलं. मग चहाच्या गाड्यावरच्या त्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला? ज्याने माझं काम केलं त्याचं नावच मी पुसलं. याची मला लाज वाटते, आणि रागही येतो. हे खोटं मी आठ वर्षं चालू दिलं.

गेल्या नाताळात तिच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. ती भडकली.

"मला एवढी खुळी समजलास व्हय? कोण तो पंडित, त्येच्या नावानं दर वर्साला लेकाच्या सरादाला पान वाढून ठेवलं मी."

मग तिनेच विचारलं,

"त्या पाद्रीबाबाची आई हाय?"

"आहे. केरळात."

"तिला ठाव हाय, तिच्या लेकानं माझ्या लेकाला पाणी पाजलं त्ये?"

"नाही."

"मग हितं काय करतोस?"