खंडेनवमीला गेलेलं रिव्हॉल्व्हर

ती घटना आठवली की मला अजूनही बरं वाटतं. पोलिसाच्या आठवणींत असं फार थोडं असतं. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. पण निवृत्तीनंतर कुणी विचारलं की मला आधी आठवते ती शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणाची एक साधी चौकशी. त्यात गोळी सुटली नाही, कुणाला बेडी पडली नाही. तरी एक घर उद्ध्वस्त होता होता राहिलं. माणसं अजून त्याच गावात राहतात, म्हणून नावं देत नाही.

मी तेव्हा राहाता तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. शस्त्राचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपत आली की नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज जातो आणि तिथून तो अहवालासाठी ठाण्याकडे येतो. आम्ही अर्जदाराची वर्तणूक तपासायची, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे आणि शस्त्र डोळ्यांनी पाहून त्याचा नंबर परवान्याशी ताडायचा. काम कंटाळवाणं, पण ते टाळलं की पुढे महागात पडतं.

असाच एक अर्ज गोदाकाठच्या एका गावातल्या पेरूच्या व्यापाऱ्याचा आला. माणूस चाळिशीतला. लोकांच्या बागा तोडणीला घ्यायचा, पहाटे टेम्पो भरून मार्केट गाठायचा आणि रोकड घेऊन परतायचा. पूर्वी एकदा त्याला रस्त्यात अडवून लुटलं होतं, त्यानंतर त्याने रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. गुन्हा एकही नाही. अहवाल सहज गेला असता.

तेवढ्यात फोन आला. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "बाई हाय, साहेब. मोठ्या साहेबांशीच बोलायचं म्हणती."

"त्या पेरूवाल्याचं लायसन नवं करू नका," बाई म्हणाली.

"का हो बाई?"

"त्याच्याजवळ हत्यारच न्हाई. तपासा तुमी." मग जरा थांबून ती म्हणाली, "पोरगं वाईट न्हाई, साहेब. राग वाईट हाय त्याचा."

आणि फोन बंद. नंबर बाजारातल्या एका किराणा दुकानाचा निघाला. आठवडे बाजाराच्या दिवशी कोण कोण फोन मागून नेतं, ते दुकानदाराला सांगता येईना.

निनावी फोन ठाण्याला नवा नसतो. बहुतेक वेळा भाऊबंदकीतला कुणीतरी कुणाची तरी खोड मोडायला बघत असतो. पण काडी लावणारा माणूस ज्याच्याविरुद्ध बोलतो त्याच्याबद्दल चांगला शब्द काढत नाही. या बाईने काढला होता. फोन करणारी त्याच्या जवळची आहे आणि घाबरलेली आहे, एवढं माझ्या लक्षात आलं.

मी व्यापाऱ्याला शस्त्र घेऊन यायला सांगितलं. तो आला, सोबत झेरॉक्सची जाडजूड फाइल आणली, फोटो आणले, ठाण्यासाठी पेरूची एक पेटीही आणली. रिव्हॉल्व्हर तेवढं आणलं नाही. पेटी मी बाहेर ठेवायला लावली.

"हत्यार कुठंय?"

"दुरुस्तीला दिलंय, साहेब. नगरला."

"कुणाकडे?"

त्याने एका दुकानाचं नाव सांगितलं. मी त्याच्यासमोरच तिथे फोन लावला. दुकानदार म्हणाला, असं काही आलेलं नाही. व्यापाऱ्याची मान खाली गेली.

मी त्याला समोरच्या बाकावर बसवलं आणि माझी कामं करत राहिलो. पोलिसाचा आवाज चढला की माणूस आत दडून बसतो, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा त्याला ठाण्याचा कारभार बघत बसू द्यावं. टपाल येतं, समन्स जातात, कुणीतरी मोटारसायकल चोरीची तक्रार घेऊन येतं. बसून बसून माणूस आपसूक बोलायला लागतो.

दुपारी तो उठून पुढे आला. "हरवलंय, साहेब."

"कधी?"

"सांगता यायचं न्हाई. परवाच कळलं."

"शस्त्र हरवलं की लगेच कळवायचं असतं. का नाही कळवलं?"

त्याने हातातली फाइल छातीशी धरली.

"संशय कुणावर?"

"कुणावरच न्हाई."

माझी शंका इथेच पक्की झाली. कोंबडी हरवली तरी माणसं चार नावं सांगतात. इथे रिव्हॉल्व्हर गेलंय आणि संशय कुणावर नाही? मी त्याला समजावलं, की परवाना तर जाईलच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो, तुरुंगात जावं लागेल. तो म्हणाला, "करा दाखल. माझ्यावर करा. पर घरी चौकशीला येऊ नका."

असं म्हटल्यावर पोलीस जाणार नाही तर काय करणार? त्याला घेऊनच मी त्याच्या घरी गेलो. सोबत त्या गावचा बीट हवालदार आणि एक महिला अंमलदार होत्या.

घर मळ्यात होतं. बांधापलीकडे त्याच्या थोरल्या भावाचं जुनं घर, मधे एक सामाईक विहीर. दोघांचं बोलणं बंद आहे, हे मला बीट हवालदाराने वाटेतच सांगितलं होतं. कारण विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. वीज कमी वेळ येते, त्यात कुणी किती वेळ मोटर चालवायची यावरून तोंडाला तोंड लागलं होतं आणि त्या भांडणात हा धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "एक दिवस गोळीच घालतो."

त्याने कपाट उघडून रिव्हॉल्व्हरचं चामडी पाकीट माझ्या हातात दिलं. पाकीट जड लागलं. उघडलं तर आत मोटरीचा लोखंडी पाना होता. हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र त्या पाकिटावरचे डाग दिसले. वाळलेलं हळदी-कुंकू होतं, बोटांनी लावलेलं.

त्याची बायको दाराशी उभी होती. मी तिला विचारलं, "ताई, खंडेनवमीची पूजा तुम्ही कुठं मांडता?"

"थोरल्या घरी. देव तिकडंच हायेत."

"बोलणं बंद असताना?"

"बोलणं ह्यांचं बंद हाय, देवाचं न्हाई. कोयते, खुरपी, पाने, समदं टोपल्यात घालून मीच नेऊन देते. जाऊबाई दुसऱ्या दिशी परत देत्यात."

"आणि हे पाकीट?"

ती नवऱ्याकडे बघू लागली. पण आता सांगायचं उरलं काय होतं? परवानाधारकाचं शस्त्र कोयत्या-खुरप्यांबरोबर टोपल्यातून दुसऱ्याच्या घरी पूजेला गेलं होतं. कायद्याला हे अजिबात मान्य नाही, पण आमच्या भागात हत्यार म्हटलं की त्याला नवमीचं कुंकू लागायलाच हवं, मग ते खुरपं असो नाहीतर रिव्हॉल्व्हर. गोळ्या कपाटातच राहिल्या होत्या, हे त्यातल्या त्यात नशीब. पाकीट वजनदारच परत आलं, म्हणून याने ते न उघडता ठेवून दिलं. नूतनीकरणासाठी बाहेर काढलं तेव्हा आत पाना.

"म्हणजे भावानं घेतलं, हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

तो मोठा बाप्या माणूस मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "दादाचं नाव लिवू नका, साहेब. दोन पोरी लग्नाच्या हायेत त्याच्या. पोलिसात नाव गेलं तर कोन करील त्या पोरी? मी जातो जेलात."

ज्याला गोळी घालायची भाषा केली, त्याच्यासाठी हा स्वतः आत जायला तयार होता. असलं काही ठाण्यात बसून दिसत नाही, त्यासाठी घरीच जावं लागतं.

आम्ही बांध ओलांडून थोरल्या घरी गेलो. थोरला ओट्यावर बसला होता. भावाला पोलिसांबरोबर बघून तो उठला नाही, पण चेहऱ्याचा रंग उडाला. मी आडवळण न घेता सगळं सांगितलं.

"मी घेतलं?" तो म्हणाला. "त्याच्या हत्याराला मी हात लावीन? उलट ह्यानंच माझा मोटरीचा पाना न्हेलाय. किती दिस हुडकतोय मी."

हवालदाराने पाना पुढे केला. थोरला पान्याकडे बघतच राहिला. पाना इथून गेला खरा, पण त्याने पाठवला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "तुमच्यावर संशय असून तुमच्या भावानं तुमचं नाव घेतलं नाही. स्वतःवर गुन्हा घ्यायला तयार झाला."

तेवढ्यात आतून थोरल्याची बायको बाहेर आली. हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. ते तिने ज्वारीच्या कोठीत, तळाशी ठेवलं होतं. "मीच ठिवलं," ती म्हणाली. आवाज फोनवरचाच. "फोन बी मीच केल्ता."

महिला अंमलदाराने गाठोडं घेतलं. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, नंबर जुळला.

"वहिनी, तुमी?" धाकटा म्हणाला.

"मंग काय करू? लगीन होऊन आले तवा तू एवढासा हुतास. तुझं दप्तर मी भरलं, तुझा डबा मी केला. तू गोळी घालतो म्हनला, त्या दिसापासून मला घास जाईना. हे मेलं तर मी रांडमुंड, आनि तू फासावर. दोन्हीकडून माझंच मानूस जातंय की. नवमीला टोपलं आलं, म्हनलं देवानंच हातात दिलं."

थोरला ओट्यावरून उठला. मग भावाला म्हणाला, "माझ्यापायी जेलात जानार हुतास व्हय रं?"

"मग कुनापायी जाऊ?" धाकटा म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण पोलिसाची खरी अडचण इथून सुरू होते. विनापरवाना शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि ते या बाईने बाळगलं होतं. तिच्या मनात काय होतं हे मला ठाऊक होतं, पण कायद्याच्या कलमाला मन नसतं. मी वरिष्ठांना फोन लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, "काहीही लपवायचं नाही, काहीही वाढवायचं नाही. कायद्यात वाट असेल तर ती शोधा."

वाट होती. परवानाधारकाने लेखी अधिकार दिला तर दुसरी व्यक्ती त्याचं शस्त्र नूतनीकरणासाठी आणू शकते, अशी तरतूद कायद्यातच आहे. मागे जे झालं ते तिने पुसलं जात नव्हतं, ते अहवालात जाणारच होतं. पण यापुढचं पाऊल तरी कायद्याचं पडणार होतं. मी धाकट्याला विचारलं, "वहिनींच्या नावानं लिहून द्याल? हत्यार ठाण्यात त्या जमा करतील."

त्याने तिथेच ओट्यावर बसून लिहून दिलं. वहिनी आमच्यासोबत जीपमध्ये बसून आली आणि तिने स्वतःच्या हाताने रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं. पावती घेतली, पदराला गाठ मारून ठेवली.

मी अहवालात टोपलं, पूजा, कोठी, सगळं लिहिलं. वरिष्ठांनी तिच्यावर गुन्हा दाखल करण्याचं कारण नाही असं मत दिलं. धाकट्याला मात्र हलगर्जीपणाबद्दल कडक नोटीस निघाली, त्याचं नूतनीकरण रोखलं आणि शस्त्र ठाण्यातच राहिलं. ते योग्यच होतं.

उन्हाळा सरून गेल्यावर फेरचौकशीचा आदेश आला. पुन्हा शेजाऱ्यांचे जबाब आले. बांधाला लागून शेजारी एकच, थोरला भाऊ. तो आला, सोबत बायको आली आणि धाकटाही आला. तिघं एकाच मोटारसायकलवर आल्याचं बघून मी दम भरला, पण मनातून मला आनंदच झाला. पाण्याच्या पाळ्या आता वहिनी ठरवते आणि तिच्यापुढे दोघांचं काही चालत नाही, असं कळलं.

थोरल्याचा जबाब झाला. मग वहिनीची पाळी. धाकटा मधेच म्हणाला, "साहेब, वहिनी न्हाई म्हनली तर मी अर्ज आत्ताच माघारी घेतो."

लेखनिक हवालदाराने ठरलेलं वाक्य उच्चारून लिहायला घेतलं, "सदर परवाना मिळण्यास माझी काही हरकत नाही."

"थांबा," ती म्हणाली. "असं न्हाई. हरकत हुती, असं लिवा. आनि आता न्हाई, असं बी लिवा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. असला जबाब नोकरीत त्याने कधी लिहिला नव्हता. मी म्हणालो, "त्या म्हणतात तसंच लिही." तिने तो वाचून घेतला आणि सावकाश सही केली.

इतकी वर्षं आम्ही अर्जदाराला विचारत आलो की शस्त्र कुठे ठेवता, कुलूप आहे का, चावी कुणाकडे असते. या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न मनातल्या मनात विचारायला लागलो. हा माणूस रागावला की त्याचा हात धरील असं घरात कुणी आहे का? नमुन्यात तो रकाना नाही आणि असावा असंही माझं म्हणणं नाही. पण या घरात असं माणूस होतं, म्हणून मी शिफारस केली.