बाबा एकटेच फिरायला गेले

असले गूढ अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते खरं तर मनातल्या मनात हसण्यासाठी. लिहिणाऱ्यांनो, माफ करा. मी जपानमध्ये सेंदाईच्या एका विद्यापीठात धातूंवर संशोधन करते. एखादं रीडिंग विचित्र आलं की आम्ही आधी मशीन तपासतो, मग नमुना, आणि मग स्वतःला. या बाबतीतही मी तेच केलं. तिन्ही तपासून झालं… तरी रीडिंग जसंच्या तसं आहे. म्हणून लिहायला बसले.

आधी आईबाबांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा सातारला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. सरळ माणूस, व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. फक्त कुठेही जायचं म्हटलं की त्यांचं एकच उत्तर – "बघू." महाबळेश्वर पुढ्यात, तरी बघू. केरळ, बघू. आई बालवाडीत शिकवायची, तिच्या सगळ्या मैत्रिणी हळूहळू फिरून आल्या. शेजारच्या काकू एका डिसेंबरात युरोपला जाऊन आल्या आणि त्यांनी ख्रिसमस मार्केटचे फोटो दाखवले. दगडी चौक, लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, लोकांच्या हातात वाफाळते कप. आई तो अल्बम दोन दिवसांसाठी घरी घेऊन आली होती. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून एक-दोन पानं चाळली आणि म्हणाले, "छान आहे. बघू."

मी जपानला आल्यावर मोठ्या खटपटीने त्यांना राजी केलं होतं. २०११च्या एप्रिलची तिकिटं काढली, साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या दिवसांतली. मार्चमध्ये भूकंप झाला. मी वाचले, लॅब महिनोन् महिने बंद राहिली, तिकिटं अर्थातच रद्द. ते ठीकच होतं. पण त्यानंतर बाबांना कायमचं कारण मिळालं. दरवर्षी तेच – "अजून तिथे किरणोत्सर्ग आहे म्हणतात." आई एकदा फोनवर मला म्हणाली होती, "मुलगी तिथं राहते ते यांना चालतं, पण पंधरा दिवस जाऊन येणं धोक्याचं वाटतं."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत बाबा झोपेतच गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात आई माझ्याकडे आली. वर्ष व्हायच्या आत निघाली म्हणून आत्या नाराज होती, दोन-चार नातेवाईकही बोलले. आईने बॅग भरली.

तिला युरोपला न्यायची माझी ऐपतही नव्हती आणि रजाही. पण ओसाकाच्या पलीकडे, गाडीने काही तासांवर, समुद्राकाठी एक युरोपियन गाव आहे. म्हणजे गाव नव्हेच, तिकीट काढून आत जायचं. नाव देत नाही, तिथे साधी माणसं कामाला आहेत. विटांच्या उंच, अरुंद इमारती, मधून कालवा, त्यावर छोटे पूल, एक घड्याळाचा मनोरा, आणि डिसेंबरात मनोऱ्याखालच्या चौकात ख्रिसमस मार्केट.

"आई, नकली आहे हं सगळं," मी गाडीतच सांगून टाकलं.

"असू दे. खरं कुठे बघितलंय मी," आई म्हणाली.

पोचलो तेव्हा दुपार कलत होती. आईला मी इतकी खूश कधी पाहिली नव्हती. साडीवर माझा जाड कोट, पायात बूट, हातात हॉट चॉकलेटचा कप. प्रत्येक टपरीपाशी थांबून ती मेणबत्त्यांचा वास घेत होती. एकदा वर बघून तिने विचारलं, "इथे राहतं कोण?"

"कुणीच नाही. खाली दुकानं आहेत. वरच्या खिडक्या नुसत्या दाखवायला."

"पडदे आहेत की."

"पडदे आहेत. आत खोल्या नाहीत."

ती थोडा वेळ त्या खिडक्यांकडे बघत राहिली.

चौकाच्या कडेला, कालव्याच्या बाजूच्या टपरीत एक म्हातारे जपानी आजोबा बसले होते. काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची बाजूची आकृती कापून द्यायचे. पेन्सिल नाही, काही नाही, नुसती कात्री. कागद दुहेरी घ्यायचे, म्हणजे एक आकृती गिऱ्हाइकाला आणि एक त्यांच्याकडे. त्यांच्याकडच्या सगळ्या टपरीच्या एका बाजूला दोऱ्यांना चिमट्यांनी लावलेल्या. मी आईला स्टुलावर बसवलं. आजोबांनी मला विचारलं, कुठून आलात? मी सेंदाई म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. ते तिकडचेच निघाले, किनाऱ्यावरच्या गावचे. घर त्सुनामीच्या लाटेत गेलं, तेव्हापासून इकडे लेकीजवळ.

त्यांनी आईला बाजूला बघायला सांगितलं. बाजूला म्हणजे दोऱ्यांकडे. कात्री चालू झाली. आणि आई, मान तशीच ठेवून, अगदी हळू म्हणाली, "मने… तिसऱ्या दोरीवर बघ."

मी बघितलं.

बाबा होते. आता तुम्ही म्हणाल, काळा कागद, त्यात काय ओळखणार. पण लहानपणी सायकलवरून पडून मोडलेलं ते नाक, पुढे आलेला खालचा ओठ, आणि कपाळावर सरकवलेला चष्मा… चष्म्याची काडीसुद्धा कापली होती. गळ्याशी मफलरची मोठी गाठ होती. बाबांनी कधी मफलर वापरला नाही.

मी आजोबांना विचारलं, हे कोण?

"ते होय? इंदोजिन. भारतीय," ते कात्री न थांबवता म्हणाले. "या आठवड्यात रोज येतात. काही विकत घेत नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला येऊन समोरच्या त्या बाकावर बसतात. नाक इतकं छान आहे की मीच बोलावून कापलं. तुमच्या ओळखीचे?"

"एकटेच असतात?"

"एकटेच. मी विचारलं एकदा, ओकुसान कुठे? बायको? मोडक्या इंग्रजीत म्हणाले, वाइफ नो लाइक ट्रॅव्हल."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. लग्नकार्यात, शेजाऱ्यांत, कुणीही "वहिनींना घेऊन या की एकदा" म्हटलं की बाबा हसून म्हणायचे, "हिलाच आवडत नाही फिरायला." आई तेव्हा चहा गाळत असायची, नाहीतर पोहे ढवळत. एकदाही तिने ते खोडलं नाही. मी कॉलेजला जाईपर्यंत ते खरंच समजत होते.

आईला जपानी येत नाही. मी मनात जुळवत होते, हिला काय सांगू, किती सांगू. तेवढ्यात आजोबा पुढे म्हणाले, "आणि जाताना दर वेळी एक शब्द म्हणतात. मी म्हणतो, उद्या या. तर ते म्हणतात… बागू. बागू. याचा अर्थ काय होतो?"

यासाठी आईला दुभाषा लागला नाही.

तिने हातातला कप खाली ठेवला. कापणं अजून चालू होतं, म्हणून आजोबांनी तिला हाताने खूण केली, हलू नका. ती हलली नाही. तशीच बाजूला बघत म्हणाली, "काय सांगतायत ते? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं. ते वाक्यही.

मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "मेल्यावरसुद्धा एकटेच फिरतायत." आणि जरा थांबून, "कुठे बसतो म्हणे तो?"

लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. आईच्या तोंडून बाबांसाठी "तो" मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी बाक दाखवला. रिकामा होता. साधा लोखंडी बाक, मागे कालवा.

आजोबांना काहीतरी जाणवलं असावं. मी त्यांना सांगून टाकलं, हे माझे वडील आहेत, आणि फेब्रुवारीत वारले. त्यांनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं दचकतील, नाहीतर माझी समजूत घालतील, की दुसरं कुणी असेल. ते नुसते म्हणाले, "सो देस् का." म्हणजे, असं होय. मग म्हणाले, "आमच्या किनाऱ्यावर त्या वर्षानंतर असं बरंच ऐकू यायचं. आम्ही कुणी फारसं विचारत नाही."

"आई, दिवे लागायला थोडाच वेळ आहे," मी म्हणाले. "आपण थांबू या."

"मी नाही थांबणार."

"अगं पण…"

"आयुष्यभर थांबले, मने. आता नाही. या आजोबांना सांग, तो आला की म्हणावं, बायको येऊन गेली. आणि तिला फिरायला आवडतं, हे पण सांगा म्हणावं. नीट सांग हं, अर्धवट नको."

मी नीट सांगितलं. आजोबांनी मान लववून ऐकून घेतलं आणि म्हणाले, सांगतो. मग त्यांनी आईची आकृती पांढऱ्या कार्डावर चिकटवून दिली. दोरीवरची बाबांचीही काढून पुढे केली. आईने ती घेतली नाही. मी मोबाईलवर बाबांच्या आकृतीचा फोटो काढला, एवढंच.

आम्ही पुलावरून फाटकाकडे निघालो तेव्हा मागे दिवे लागले. कळलं, कारण सगळा चौक एकदम "वाऽ" म्हणाला. मी वळून बघितलं. बाकासमोर फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी झाली होती की काहीच दिसलं नाही. आई चालत पुढे गेली होती.

दुसऱ्या दिवशी आई हॉटेलवरच थांबली, पाय दुखतायत म्हणाली. मी एकटी परत गेले. खरं सांगते, मला वाटत होतं टपरीच नसेल, किंवा आजोबा म्हणतील कोण तुम्ही. गोष्टींत असंच असतं ना? तसं काही झालं नाही. टपरी तिथेच, आजोबा तिथेच, दोरीवर बाबाही तिथेच.

"काल आले होते," आजोबा म्हणाले. "तुम्ही गेल्यावर लगेच. मी निरोप दिला, तुमच्या आईंनी सांगितला तसा."

"मग? काय म्हणाले?"

आजोबा जरा घुटमळले. जपानी माणसाला वाईट बातमी सांगायची असली की तो आधी श्वास आत ओढतो, तसा त्यांनी ओढला. "काही बोलले नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उठले. मी फाटक दाखवलं, की त्या बाजूला गेल्या तुमच्या ओकुसान. ते दुसऱ्या बाजूला गेले. कालव्याकडे. जरा… घाईतच."

मी त्या बाकावर बसले. दिवे लागले, पुन्हा सगळे "वाऽ" म्हणाले. जोडपी आली, लहान मुलं आली, माझ्या शेजारी बसून फोटो काढून गेली. बाबा आले नाहीत. माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते – भीती नव्हती, भेटीची ओढही नव्हती. राग होता. निदान तिच्यासमोर उभं तरी राहायचं होतंत, बाबा.

हॉटेलवर आई टीव्ही लावून संत्री सोलत होती. मी तिला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"पळाले असतील," ती म्हणाली. आणि दोन फोडी माझ्या हातावर ठेवून, "उद्या ओसाकात काय काय बघायचंय?"

नंतर मी हे सगळं शक्य तेवढं उलटसुलट करून पाहिलं. तसाच दिसणारा कुणी भारतीय पर्यटक असेल. पण एकटा माणूस आठवडाभर रोज तिकीट काढून त्याच बाकावर येऊन बसतो? बरं, बसला. "बागू" हा दुसऱ्या कुठल्या भाषेतला शब्द असेल. बरं, असेल. पण हे सगळं एकाच नाकाला कसं चिकटलं? माझ्या भावाला, दादाला, मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "असं नाक पुष्कळांचं असतं." मग मोबाईल परत देताना, "आईला परत दाखवू नकोस." पुढच्या डिसेंबरात मी त्या गावात फोन करून चौकशी केली. आजोबांनी वयामुळे काम सोडलं होतं. बास, त्यापुढे माझ्याकडे काही नाही. स्पष्टीकरण तर नाहीच नाही. कुणाला सुचलं तर कळवा, मी शांतपणे ऐकून घेईन.

त्या सहलीनंतर लगेचच्या फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला मी सातारला गेले होते. पानं वाढायची तयारी झाली, आणि गच्चीवर कावळ्यासाठी ठेवलेल्या पानाला कावळा शिवेना. समोरच्या तारेवर तीन-चार बसलेले, पण एकही खाली येईना. गुरुजी दोनदा बघून आले. दादाने हात जोडून काहीबाही कबूल करून पाहिलं. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या भावाची काहीतरी इच्छा राहिलीय. वर्षाच्या आत घर सोडून परदेश फिरायला गेल्यावर दुसरं काय होणार?"

आई जिन्यात उभी होती. पदर खोचलेला, हातात भाताचं पातेलं.

"त्यांची काही राहिलेली नाही, वन्सं," ती म्हणाली. "राहिली होती ती माझी. चला, भात निवतोय, पानं घ्या."

कावळा नंतर आला की नाही, मला माहीत नाही. आम्ही जेवायला बसलो होतो.