सुभेदारांनी मोकळी ठेवलेली वाट

गेल्या वर्षी माघ संपता संपता किन्हीराजाजवळच्या एका गावात तलावाकडच्या पट्ट्यातला हरभरा मळणीयंत्रातून निघाला आणि घरोघर पोचला. जंगल आणि तलाव यांच्यामधल्या या पट्ट्यात कित्येक हंगाम रब्बीचं पीक घरी आलं नव्हतं. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप ते उभ्यानं खात असे. त्या वर्षीही कळप जंगलातच होता. एकही जनावर मारलं गेलं नाही. ही मोहीम सुभेदार दादाराव खंडारे यांनी आखली होती.

दादाराव सैन्याच्या अभियंता दलातून निवृत्त झाले होते. तारा, खंदक, सुरुंग. शत्रूला एखाद्या भागात पाऊल ठेवू द्यायचं नाही, हे त्यांचं नोकरीभरचं काम. गावात ते हसण्याचा विषय होते ते एका सवयीमुळे. कुणाचंही वावर पाहायला बोलावलं की ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आत शिरत नसत. लांबचा वळसा घालून जंगलाच्या कडेला जात, जनावर जिथून निघतं तिथं उभे राहत आणि तिथून वावराकडे चालत येत. इस्त्रीची पँट, कॅनव्हासचे बूट, नजर जमिनीवर.

"सुभेदार रोही झाले," पारावरचे लोक म्हणत.

"आपल्या बाजूनं पाह्यलं त आपली तार मजबूतच दिसते," दादाराव म्हणत. "खरी अक्कल रोह्याच्या बाजूनं पाह्यल्यावर येते."

माझी त्यांची पहिली भेट याच पट्ट्यात झाली. मी पिकाच्या नुकसानीची बातमी करायला गेलो होतो. छायाचित्रं काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी नुकसान झाल्यावर येता. नाई झालं त याल का?"

बातमी काय असेल, असं मी विचारलं.

"शत्रू आलाच नाई, ही."

पट्ट्यात सगळ्यात मोठं वावर शोभा वानखडे यांचं होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्या शेती करत होत्या आणि त्यांची सगळी जमीन याच पट्ट्यात होती. वीटभट्टीवाल्यानं त्यांच्याकडे काळी माती मागितली होती. या हंगामात पीक हाती आलं नाही तर माती देऊन टाकायची, असं त्यांनी दिरांना सांगून ठेवलं होतं. एकदा माती उचलली की त्या जागी पुन्हा वावर होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

गावाची पद्धत अशी होती की ज्यानं त्यानं आपल्या धुऱ्यावर काठ्या रोवायच्या आणि त्यांना जुन्या साड्या बांधायच्या. वाऱ्यानं पदर हलला की जनावर बिचकतं. ते एका वावरापासून बिचकून शेजारच्या वावरात शिरत असे. त्यावरून शेजाऱ्यांत बोलणं बंद झालेलं होतं. पेरणीआधी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली, तेव्हा दादारावांनी काडीनं मातीत रेघ ओढली.

"प्रत्येकानं आपापली चौकी धरली, आन् फौज मधून गेली. सगळ्यायच्या साड्या काढा. जंगलाच्या अंगानं एकच लाइन करा."

"मंग माह्या वावराभोवती काय राहीन?" शोभाबाईंनी विचारलं.

"काही नाई."

"मामा, तुमची लढाई मातीत काढाले बरी हाय. मले खरं वावर हाय."

"म्हणूनच सांगून राह्यलो. तुह्या धुऱ्यावर रोही आला म्हणजे लढाई आपण हरलेलीच हाय."

साड्या निघाल्या आणि जंगलाकडे एका ओळीत बांधल्या गेल्या. दादारावांनी लोकांना रात्रीच्या जागलीवर पाठवलं नाही. जागावं लागलं म्हणजे दिवसाचं काम कच्चं राहिलं, असं ते म्हणत. रोज सकाळी पाळीपाळीनं दोघांनी ओळीच्या बाहेरून चालायचं आणि खुरांचे माग पाहायचे. ज्या अडथळ्यावर कुणाची नजर नाही तो अडथळा नाही, हा पलटणीतला नियम त्यांनी तिथं लावला. जनावर लाल रंगाला सरावलं असं मागावरून दिसलं की तिथं पांढरी साडी यायची, काठ्यांची जागा सरकायची. "काल होतं थे आज तठी नसावं," एवढंच कारण ते देत.

सीमेवरच्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच सांगितलं. त्यांच्या तुकडीनं एका खिंडीत अडथळे घातले आणि तिथं पूर्ण हिवाळा काढला. गोळी चालली नाही. "घरी आल्यावर लोक इचारत, काय केलं तठी? मी म्हनो, काहीच नाई झालं. लोकायले वाटे, बसून पगार खाल्ला."

हरभऱ्याला फुलं लागली आणि एका सकाळी शोभाबाईंच्या वावराचा एक कोपरा खाल्लेला सापडला. ओळ कुठेही मोडली नव्हती. लोक जमले. साड्या परत आपापल्या धुऱ्यावर न्यायची भाषा सुरू झाली. दादाराव माग काढत उलटे निघाले. खुरं ओढ्याच्या पात्रातून, ओळीला वळसा घालून आली होती आणि शोभाबाईंच्या बांधावर एका पितळी घंगाळापाशी गोळा झाली होती. घंगाळात पाणी होतं.

ते गोदाबाईंचं होतं. गावातल्या या म्हाताऱ्या बाई रोज संध्याकाळी ते भरून ठेवत.

"काकू, हे कायले?" दादारावांनी गर्दीतल्या गोदाबाईंना विचारलं.

"कायले म्हणजे? तुमी तलावाची वाट बंद केली. गाय हाय थे. उपाशी ठेवा, पन तहानेली ठेवता काय?"

शोभाबाई म्हणाल्या, "काकू, तुह्या गायीनं माहा हरभरा खाल्ला."

"मंग तिले पानी पाज ना आधी."

कुणीतरी घंगाळ उचलायला वाकलं. दादारावांनी हात आडवा केला. त्यांनी जंगलापासून तलावापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "काकूची चूक नाई. माही हाय. म्या त्याले कोंडलं. कोंडलेला शत्रू कोनच्याही भोकातून येते. त्याले पायजे थे भायेर भेटलं, त अंदर कायले येईन?"

त्यांचं स्वतःचं वावर पट्ट्याच्या टोकाला होतं, जंगलापासून थेट तलावापर्यंत उतरणारं. हरभरा त्यांचाही फुलावर होता. त्याच दिवशी त्यांनी त्यात ट्रॅक्टर घातला आणि पीक मोडून जमीन सपाट केली. तिथं जंगलाकडची ओळ उघडली आणि दोन्ही बाजूंनी साड्यांच्या ओळी तलावापर्यंत नेल्या. ओढ्याच्या तोंडाशी काटेरी बाभळीच्या फांद्या टाकल्या. घंगाळ जंगलाच्या बाजूला, वाटेच्या सुरुवातीला ठेवलं आणि ते भरायचं काम गोदाबाईंकडेच दिलं.

"उभं पीक मोडलं मामानं," शोभाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून सकाळच्या फेरीची पाळी त्यांनी चुकवली नाही.

पुढच्या काही दिवसांत दिवस कलताना लोक तलावाच्या बांधावर येऊन बसू लागले. कळप जंगलातून निघे. पुढचा काळा नर घंगाळात तोंड घाली, मान उचलून दोन्हीकडच्या साड्या पाही आणि वाटेनं खाली उतरे. मागून माद्या, पिल्लं. पाणी पिऊन सगळे त्याच वाटेनं परत जात. शेजारचा हरभरा हाताच्या अंतरावर होता. माग पाहणाऱ्यांना कापणीपर्यंत ओळीच्या आत एकही खूर सापडलं नाही.

मळणीच्या दिवशी वीटभट्टीवाला आला होता. शोभाबाई पोत्यांवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला चहा दिला.

"मातीचं काय ठरलं, बाई?"

"माती कामावर हाय," त्या म्हणाल्या. हशा झाला. दादारावही हसले. त्यांच्या वाट्याला पीक नव्हतं. प्रत्येक घरानं त्यांच्या ओसरीवर एकेक पायली हरभरा आणून ओतला. त्यांनी मला फोन केला. "या," म्हणाले. "काहीच नाई झालं."

त्या उन्हाळ्यात दादाराव खंडारे यांचं झोपेत निधन झालं.

या कार्तिकात गावानं जंगलाच्या कडेनं पुन्हा एकच ओळ बांधली. पहिली काठी शोभा वानखडे यांनी रोवली. कित्येक वर्षं पडीत असलेल्या तुकड्यांसह पट्ट्यातली सगळी जमीन हरभऱ्याखाली आली आहे. दादारावांचं वावर पेरलेलं नाही. वाटेच्या तोंडाशी घंगाळ आहे आणि ते रोज संध्याकाळी भरलं जातं.